टर्बाइनच्या मजल्यावरचं गाणं

"तुमची पोरगी दिवसभर हे मयतीचे गाणे काऊन आयकत राह्यते हो, बाई?"

शेजारच्या काकूंनी आईला हे आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून विचारलं. त्या विरजण मागायला आल्या होत्या. मी आतल्या खोलीत होते. माझ्या इअरफोनची पिन मोबाइलमधून निसटली होती आणि मला ते कळलंच नव्हतं. जे गाणं चालू होतं ते इतक्या हळू आवाजाचं होतं, की ते कानात वाजतंय की खोलीत, यात फारसा फरक पडत नव्हता.

आईने विरजणाचं भांडं पुढे ओढलं. मग म्हणाली, "अभ्यास करून राह्यली ते. झोप नाई आली पाहिजे म्हणून लावते."

"अगा माय. मले तर उभ्या उभ्या झोप येऊन राह्यली."

दोघी हसल्या. मी पिन परत खोचली आणि काकू विरजणाची वाटी घेऊन जाईपर्यंत खोलीबाहेर आले नाही. आई माझ्यासाठी खोटं बोलली याचं मला बरं वाटलं, आणि खोटं बोलावं लागलं याचं वाईट.

तेव्हा मी नागपूरहून इंजिनिअरिंग संपवून परत चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरला आले होते. बाबा वीज केंद्रात टर्बाइन विभागात होते. माझा जन्म होण्याआधीपासून आम्हाला तिथे क्वार्टर होतं: तळमजला, मागे छोटंसं अंगण, अंगणात आईने लावलेला शेवगा. शेवग्याच्या शेंगा आमच्या सगळ्या ओळीला पुरायच्या. बाबांना निवृत्त व्हायला वर्षही उरलं नव्हतं. त्यानंतर क्वार्टर सोडायचं आणि नागपूरला घेऊन ठेवलेल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये जायचं, असं ठरलेलं होतं. आई त्या फ्लॅटला कधी 'आपलं घर' म्हणाली नाही. 'ते नागपूरचं' म्हणायची.

ती गाणी मला नववीत मिळाली. आमची शाळा इंग्रजी माध्यमाची होती आणि शाळेची बस सगळ्या कॉलनीला वळसा घालून जायची. माझ्या शेजारी एक अकरावीतली मुलगी बसायची. ती कुणाशी बोलायची नाही, मीही नाही. एक दिवस तिने काही न विचारता इअरफोनचा एक भाग माझ्याकडे सरकवला. एक गिटार होती, तीही जणू चुकून हात लागल्यासारखी वाजत होती, आणि एक माणूस इंग्रजीत गात होता. बाजूच्या खोलीत कुणी झोपलंय आणि त्याला उठवायचं नाही, असा तो गात होता. गाण्यात काही घडतच नव्हतं. खिडकी होती, चुकलेली एक बस होती, घरी फोन करून काहीच न सांगता ठेवून दिल्याची गोष्ट होती. गाणं कुठे चढलं नाही, कुठे उतरलं नाही, आणि संपलं तेव्हा संपल्याचंही लवकर लक्षात आलं नाही.

मे महिन्यात त्या मुलीच्या वडिलांची बदली झाली. आमच्या कॉलनीत मे महिना आला की कुणी ना कुणी असं निघून जायचं. ट्रकमध्ये पलंग, कूलर, सायकल चढायची आणि जूनमध्ये बसमध्ये नवं कुणी बसायचं. तिचा नंबर मी मागितला नाही. गाण्यांची नावं मात्र हातावर पेनाने लिहून घेतली होती.

शाळेत मराठी बोललं की बाई डोळे वटारायच्या. सुट्टीत सावली तालुक्यातल्या बाबांच्या गावी गेलं की चुलत भावंडं मला मध्ये उभी करून म्हणायची, "बोल ना वो, इंग्लिशमध्ये बोल ना कायतरी." मी एका जागी चुकीचं मराठी बोलायचे आणि दुसऱ्या जागी नको तेवढं इंग्रजी. मग कमी बोलणं हेच मला सगळ्यात सोपं वाटायला लागलं. कॉलनीतल्या लग्नांत वरातीपुढे डीजे लागला की सगळ्या मुली एकमेकींना ओढत नाचायला न्यायच्या. माझ्याकडे सगळ्यांच्या पर्सा आणि मोबाइल सांभाळायला असायचे. मी कडेला पर्सांचं झाड होऊन उभी राहायचे. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. फक्त त्या डीजेच्या गाण्यांत माझ्यासारख्या माणसाला जागाच नव्हती. ती गाणी आधीच ठरवून यायची, की तुम्ही खूश असायला हवं. माझी गाणी माझ्याकडून काही मागत नव्हती.

ऊर्जानगरला एक आवाज आहे. बाहेरून आलेला माणूस पहिल्या दिवशी विचारतो, "हे काय वाजतंय?" आम्हाला तो ऐकूच येत नाही. केंद्राचा तो खालच्या पट्टीतला, न थांबणारा घुमारा आमच्या जेवणाखाली, भांडणाखाली, झोपेखाली पसरलेला असायचा. एखादं युनिट ट्रिप झालं की तो जरासा बदलायचा आणि बायका हातातलं काम सोडून दारात यायच्या. "बंद झालं काय वो?" "झालं वाटते." आणि मग जिचा नवरा शिफ्टवर असेल ती म्हणायची, आज काही वेळेवर येत नाहीत.

नागपूरच्या वसतिगृहात पहिल्याच दिवशी दुपारी मी खोलीत एकटी होते आणि मला काहीतरी हरवल्यासारखं वाटत होतं. काय ते कळेना. मग मी माझं एक गाणं लावलं. त्यात गिटारच्या खाली एक लांबलचक, न हलणारा सूर होता, आणि तो लागल्याबरोबर मला घरी आल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं मी त्या गाण्यांना परदेशी समजत होते.

पदवी घेऊन परत आले तेव्हा कॉलेजातच लागते तशी नोकरी मला लागलेली नव्हती. बाबांनी भरतीच्या परीक्षेची पुस्तकं आणून टेबलावर ठेवली. मी रोज कंपनीच्या बसने चंद्रपूरला क्लासला जायचे आणि परत यायचे. संध्याकाळी फिरायला बाहेर पडावं तर कुणाला तरी पाण्याच्या टाकीजवळ बिबट्या दिसलेला असायचा आणि आया पोरांना हाका मारून आत घेत असायच्या. मग मी खोलीत बसायचे. त्या वर्षी मला नेमकं काय होत होतं, हे मला आजही नीट सांगता येत नाही. मी दुःखी नव्हते. भूक लागल्यावर डबे उघडून बघतो आणि काहीच खावंसं वाटत नाही, तसं काहीसं होतं. कुठेतरी जायचं होतं. कुठे, ते माहीत नव्हतं. माझ्या वयाची सगळी मुलं सामान्य ज्ञान पाठ करत होती आणि मला वाटायचं, या सगळ्यांना कुणीतरी गुपचूप काहीतरी सांगून ठेवलंय आणि मी त्या दिवशी वर्गात नव्हते.

गाणी तेवढी सोबत होती. आता त्यांत मराठी आणि हिंदीही आली होती. कुठल्या तरी मुलांनी भाड्याच्या खोलीत बसून मोबाइलवर रेकॉर्ड केलेली, मागे छताचा पंखा ऐकू येणारी. मीही आंघोळ करताना नळ पूर्ण सोडून गुणगुणायचे. नळ बंद केला की मीही बंद.

त्या वसंतात माझी वसतिगृहातली मैत्रीण मला तिच्या गावी घेऊन गेली. ती नर्सिंग शिकत होती. तिचं गाव एटापल्लीच्या पलीकडे, रस्ता संपल्यावरही थोडं पुढे. मोहफुलांचे दिवस होते. पहाट फुटता फुटता तिची आई, काकू आणि आम्ही दोघी टोपल्या घेऊन निघालो. प्रत्येकीचं झाड ठरलेलं. झाडाखाली आधीच पालापाचोळा झाडून, जाळून जमीन साफ केलेली, त्यावर फिकट पिवळी फुलं सांडलेली. वाकायचं, वेचायचं, टोपलीत टाकायचं. मला वाटलं, जंगलात शांतता असेल. पण थोड्या वेळाने लक्षात आलं की तिची आई काहीतरी म्हणतेय. दोन-चार सुरांचंच, ओठांतल्या ओठांत. जरा पलीकडच्या झाडाखालून काकूही तेच म्हणत होती, तिच्या मागोमाग नाही, सोबतही नाही, आपली आपली. कुणी सुरू केलं आणि कुणी थांबवलं हे कळत नव्हतं. मी टोपली खाली ठेवून मोबाइल काढला आणि रेकॉर्ड केलं.

नंतर मैत्रिणीला म्हटलं, आईला विचार ना, त्या गाण्याचा अर्थ काय. तिने गोंडीत विचारलं. तिची आई खूप हसली. मैत्रीण म्हणाली, "काही नाही म्हणते. पाठ दुखू नये म्हणून असंच."

परत येताना तिने मला एटापल्लीत एका ठिकाणी नेलं. दोन खोल्यांत काही माणसं लहान मुलांसाठी गोंडी आणि माडिया भाषेतले धडे तयार करत होती. म्हाताऱ्या माणसांची गाणी, गोष्टी रेकॉर्ड करून आणायच्या, मागचा वारा, कोंबड्या, गाड्या काढून टाकून आवाज स्वच्छ करायचा. हे काम करायला त्यांच्याकडे माणूस नव्हता. मी तिथल्या हेडफोनवर माझं मोहाखालचं रेकॉर्डिंग लावलं आणि दुपारभर बसून राहिले. जेवायला हाक मारली तेव्हा मैत्रिणीने सांगितलं की मी एकदाही मोबाइलमध्ये वेळ पाहिली नव्हती. त्या माणसांनी निघताना म्हटलं, एका वर्षापुरतं काम आहे, राहायची सोय करू, मानधन थोडंच आहे. विचार कर. मी मान हलवली. माझ्या मान हलवण्याचा अर्थ लोक आपापल्या सोयीने लावतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

घरी आल्यावर मी भरतीची परीक्षाही दिली. आणि पास झाले.

नेमणूक झाली ती आमच्याच केंद्रात. कॉलनीत ही बातमी माझ्या आधी पोहोचली असावी, कारण मी क्लासहून परत आले तेव्हा दारात चपलाच चपला होत्या. शेजारच्या काकूंनी माझ्या तोंडात पेढा कोंबला. "आता लाव तुले जे गाणे लावाचे ते," म्हणाल्या. बाबा त्याच महिन्याच्या शेवटी निवृत्त होणार होते आणि मी पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला रुजू होणार होते. वडील उतरले आणि लेक चढली, असं सगळे म्हणत होते. मला क्वार्टर मिळेल, थोडी खटपट केली तर हेच मिळेल, असंही म्हणत होते.

आईने तोवर भांडी खोक्यांत भरायला घेतली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर ती खोकी उघडत होती. पितळेचा पाण्याचा गुंड, परात, पुरणयंत्र, एकेक वस्तू पुसून ती परत फळीवर मांडत होती. तिचा चेहरा मी इतक्या वर्षांत इतका खुललेला पाहिला नव्हता. दुपारी तिने अंगणात शेवग्याजवळ एक वाफा खणला आणि हळद लावली. हळद निघायला पुढचं वर्ष उजाडतं. मी वऱ्हांड्यातून ते बघत होते. त्याच दिवशी एटापल्लीहून फोन आला होता. येणार असाल तर पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात या, नाहीतर दुसरं कुणी बघतो. मी 'कळवते' म्हटलं होतं.

मी कुणाला काही सांगितलं नाही. सांगणार काय? वडिलांच्या जागेजवळची, आईचं घर वाचवणारी, कायमची नोकरी सोडून मला एका वर्षाच्या कामाला जायचं आहे, आणि का, तर तिथे मला वेळ कळला नाही? हे वाक्य मी मनात इंग्रजीत करून पाहिलं, मराठीत करून पाहिलं. दोन्हींत ते मूर्खपणाचंच वाटत होतं. मी इअरफोन घालून बसायचे आणि ती गाणी मला काहीही सांगायची नाहीत. तोच त्यांचा गुण होता आणि त्या दिवसांत तोच मला नको झाला होता.

बाबांना मी विचारू शकले असते. पण बाबा आणि मी एकमेकांशी फार कमी बोलायचो. भांडण नव्हतं. ते शिफ्टवरून यायचे, चहा घ्यायचे, टीव्हीवर बातम्या लावून आवाज बंद करायचे आणि नुसतं बघत बसायचे. मला वाटायचं, दिवसभराच्या आवाजाने कंटाळत असतील. आई एकदा सांगत होती की लग्नाआधी ते गावच्या भजनी मंडळात गायचे, लोक शेजारच्या गावाहून ऐकायला यायचे. मी विचारलं, मग सोडलं का? आई म्हणाली, "इथी ते कोणासाठी गातीन? शिफ्ट कराची का गाणं म्हणाचं?"

निवृत्तीच्या दिवशी आमच्याकडे एक पद्धत होती. वरिष्ठांची परवानगी काढून त्या माणसाच्या बायकोमुलांना एकदा आत नेऊन तो काम करायचा ती जागा दाखवायची. संध्याकाळी मग हार, शाल, नारळ, आणि फुलं लावलेल्या जीपमधून घरी वाजतगाजत. आईने आदल्या दिवशीच साडी इस्त्री करून ठेवली होती. इतकी वर्षं तिने केंद्राची धुराची चिमणी आमच्या अंगणातून पाहिली होती, आत कधी गेली नव्हती. मीही नाही.

गेटवर आम्हाला हेल्मेट दिली. आईचा अंबाडा हेल्मेटमध्ये मावेना, म्हणून तिने तो सोडून वेणी घातली. बाबांचे एक सहकारी सोबत होते, बाबांच्या हाताखाली काम शिकलेले, गडचांदूरकडचे, बोलके. त्यांनी आम्हाला कानात घालायला बोळे दिले आणि म्हणाले, "वहिनी, आत गेल्यावर जे विचाराचं ते बाहेर येऊन विचारा."

मला वाटत होतं, ज्या आवाजावर मी झोपत आले तोच आत थोडा मोठा असेल. टर्बाइनच्या मजल्याचं दार उघडलं आणि माझा घुमारा कुठेच नव्हता. हा आवाज ऐकू येत नव्हता, तो लागत होता. दातांत, बरगड्यांत, चपलेच्या तळव्यातून वर. लांबच लांब सभागृहासारखा मजला, मधोमध रंगवलेली प्रचंड यंत्रं, उष्ण हवा, सगळं लखलखीत पुसलेलं. आणि त्या आवाजात माणसं अगदी शांतपणे हिंडत होती. कुणी ओरडत नव्हतं. एकाने बाबांकडे बघून मनगटाला बोट लावलं. बाबांनी मान हलवली. दुसऱ्याने लांबून दोन्ही हात जोडले आणि बाबांनी छातीवर हात ठेवला.

बाबा आमच्या पुढे चालत होते. त्यांनी एका यंत्राला वळसा घातला, कठड्यावर हात ठेवून उभे राहिले, मग पुढे. मला दिसलं की त्यांचे ओठ हलताहेत. मला वाटलं, ते आम्हाला माहिती सांगताहेत. मी जवळ गेले. पण ते आमच्याकडे बघतच नव्हते. मान जराशी कललेली, डोळे समोर, कठड्यावर बोटं हळूहळू ठेका धरून पडत होती, आणि ओठ लांब, सावकाश हलत होते. मध्येच ते श्वास घ्यायला थांबले आणि मग परत.

सहकारी काकांनी माझ्या कानाजवळ तोंड आणून ओरडून सांगितलं, "भाऊ गाऊन राह्यले!"

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी बोट गोल फिरवलं. रोज, रोजचंच.

मी किती वेळ बघत राहिले, माहीत नाही. घरी ज्या माणसाच्या तोंडून मी कधी एक ओळ ऐकली नव्हती, तो माणूस माझ्यासमोर गात होता आणि मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. मी ते ऐकू येत नसतानाही ओळखलं. ते हळू, न चढणारं, कुणासाठी नसलेलं गाणं होतं. ओठ तसेच हलत होते. मला नळ सोडून गुणगुणणारी मी आठवले. मोहाखाली वाकलेली मैत्रिणीची आई आठवली. आई माझ्या मागे उभी होती. तिने पदराचं टोक घट्ट धरलं होतं आणि ती बाबांकडे अशी बघत होती, जशी कधीतरी गावच्या देवळात बघत असेल.

आई आणि काका थोडे पुढे गेले. मी कठड्याशी एकटी राहिले. यंत्राच्या पलीकडे बाबा होते. मला एकदम वाटलं, इथे काहीही म्हणता येतं. मी आधी नुसतं 'आ' केलं. माझा आवाज मला स्वतःलाही ऐकू आला नाही. फक्त गळ्यात काहीतरी थरथरलं. मग मी, इतके दिवस तोंडात धरून ठेवलेलं वाक्य, पूर्ण आवाजात, हळूहळू, शब्द न शब्द म्हटलं. कुणी ऐकणार नव्हतं म्हणून मी ते नीट म्हटलं. कुठे अडखळले नाही. मला किती हलकं वाटलं, ते सांगता येणार नाही. वर तोंड केलं तर पलीकडे बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांचं गाणं थांबलं होतं.

ते वळसा घालून आले, माझं हेल्मेट सरळ केलं, आणि दाराकडे हात दाखवला.

बाहेर आल्यावर कान बधिर झाले होते. झाडांखालचा वारासुद्धा जणू कापसातून येत होता. कँटीनबाहेर बाकावर चहा आला. संध्याकाळच्या कार्यक्रमाला अजून वेळ होता. आई खूप दिवसांनी भरभरून बोलत होती. क्वार्टरच्या स्वयंपाकघरातली फरशी बदलून घ्यायची, मागच्या बाजूला जाळी लावायची, आता काय, पोरीच्या नावावर होईल तर अर्ज ती करेल. काका हो हो करत होते. मग आईने त्यांना विचारलं, हे आत रोज गातात, हे खरं काय?

"खरं म्हणजे? पहिल्या दिवसापासून, वहिनी," काका म्हणाले. "आमाले भाऊचे सारे गाणे पाठ आहेत. फक्त आवाज कसा आहे तेवढंच नाई मालूम."

आईने विचारलं, ऐकू येत नाही तर पाठ कसे?

"ओठ वाचतो ना. त्या मजल्यावर दुसरं काय करान? आमी सारे ओठच वाचतो. भाऊ तर या टोकाहून त्या टोकाचं वाचते. यायच्यासमोर आमी साहेबाले शिव्या बी नाई देत."

सगळे हसले. आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. माझ्या हातातला चहाचा पेला तसाच राहिला. घरच्या टीव्हीचा बंद आवाज, त्यासमोर टक लावून बसलेले बाबा. माझ्या डोळ्यांसमोरून ते सगळं गेलं. मी खाली बघत होते. बाबा माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी चहा संपवला, पेला बाकाखाली ठेवला, रुमालाने हात पुसले. घाई केली नाही. त्यांना राग आला होता का, वाईट वाटलं होतं का, हे त्यांच्याकडे बघून कळलं नसतं. मी त्यांचीच मुलगी आहे.

"आत जे म्हटलं ते इथी म्हण बेटा," ते हळूच म्हणाले. "तुझ्या आईले ओठ वाचता येत नाई."

आईने हसणं आवरत आमच्याकडे बघितलं. "काय म्हटलं? काय म्हटलं हिनं?"

काका उठून पलीकडे गेले. ते कुणाला तरी हाक मारत असल्यासारखे गेले, पण तिकडे कुणी नव्हतं. मागे भिंतीच्या आत केंद्र चालूच होतं, आणि इतक्या लांबून ते पुन्हा माझ्या ओळखीचं वाजत होतं. इथे मात्र प्रत्येक शब्द ऐकू जाणार होता. मी आईचा चेहरा बघितला. हेल्मेटमुळे विस्कटलेले केस, कपाळावरचा घाम, आणि काय ऐकायला मिळणार याची जराही कल्पना नसलेले डोळे. मला परत मान हलवून वेळ मारून नेता आली असती. बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते समोर बघत होते आणि त्यांचे ओठ मिटलेले होते.

"आई," मी म्हटलं, "मी इथे रुजू होणार नाही. मला एटापल्लीला जायचं आहे, गाणी रेकॉर्ड करायच्या कामाला. एका वर्षासाठी. त्यानंतर काय, ते मला माहीत नाही."